सहा फळ्यांचं नाव

दि. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे इथे ठीक. आईचा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, बाकी तिची जीभ शाबूत आहे. तुझं पत्र नाही म्हणून रोज मलाच बोलणी बसतात, जणू तुझी लेखणी मी लपवून ठेवलीय.

सोबत लाकडाचा एक तुकडा पाठवतोय. बाबांच्या कारखान्यातल्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या सहा फळ्या सापडल्या. इतर प्रत्येक लाकडावर त्यांनी खडूने नाव घातलंय, ह्यांच्यावर काहीच नाही. तांबूस रंग, मधून काळ्या रेघा, आणि वजन असं की तुकडा पाण्यात टाकला तर सरळ तळाला गेला. बोटाने ठोकलं तर कितीतरी वेळ घुमत राहतं. आपल्या घरातली ओळखायची रीत तुला ठाऊकच आहे. रंधा मारला, भुसा तळहातावर चोळला, नाकाशी धरून खोल श्वास घेतला, मग जिभेला लावला. वास तिखट-गोड, चव कडू. दहा वेळा हुंगूनही नाव काही सुचेना.

शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे बाबांनी केलेली गिटार आहे, ती ह्याच लाकडाची. त्यांना तशीच दुसरी हवीय आणि ती मीच करावी असं त्या म्हणाल्या. ताई, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून लोक माझ्याकडे फक्त दुरुस्तीला येतात. खुंटी सैल झाली, तारांखालचा पूल उखडला, की बारक्या. नवी कर म्हणणारं हे पहिलंच माणूस. ही गिटार साधली तर मी बाबांच्या जागेवर बसलो असं मला स्वतःला तरी वाटेल. नाव कळलं तर तापवून वाकवताना लाकूड किती सोसेल, सरस धरेल की नाही, ते समजेल. तू प्रयोगशाळेत दिवसभर भिंगातून लाकडंच बघतेस, मग भावाचं एक बघायला तुझं काय जातं?

तुझी माया आहेच, ती उत्तर लवकर धाडून दाखव.

तुझा,
बारक्या


दि. १७ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुकडा पोचला. इथे माणसं कमी आणि नमुने ढीगभर, त्यामुळे तुझा नंबर लागायला वेळ लागेल. घाई करू नकोस. बाईंना थोडं थांबायला सांग. ओळखीचं एखादं लाकूड घेऊन केलीस तरी तुझा हात दिसायचा तो दिसेलच.

एक विचारायचं होतं. बाबा ह्या फळ्या शेवटी कधी वापरत होते, आठवतं का? आणि वापरताना कारखान्याचं दार उघडं ठेवायचे की बंद? सहज विचारते.

आईला नमस्कार. तिला म्हणावं, लेखणी माझ्याकडेच आहे. जास्त लिहीत नाही, डोकं दुखतंय. तब्येतीला जप.

तुझी,
ताई


दि. १ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. मी लाकडाचं नाव विचारतो आणि तू दाराची चौकशी करतेस. घे, सांगतो. शेवटच्या वर्षी बाबा ह्या फळ्यांचं काम अंगणात करायचे, भर उन्हात, तोंडाला फडकं बांधून. मी थट्टा करायचो, की म्हातारपणी घरातला उजेड कमी पडायला लागला. ते हसायचे आणि खोकायचे.

मी काही थांबलो नाही. गिटारीची पाठ तासून झाली. बाजू तापल्या नळीवर वाकवल्या, पहिली चिरली, दुसरी मात्र लोण्यासारखी वळली. पाठ नुसती हातात धरून ठोकली तरी बाबांच्या गिटारीचा आवाज येतो. बाई येऊन ऐकून गेल्या. ठोकणं थांबलं तरी खुर्चीवर बसून राहिल्या होत्या.

हाताला पुरळ आलंय आणि सकाळी पापण्या सुजतात. हिने मलम आणलं, पण गुण नाही. पहाटे खोकलाही येतो, जागरणाचा असणार. आई माझा खोकला ऐकला की उठून स्वयंपाकघरात जाते आणि उगाच भांडी वाजवते. हिचं म्हणणं, चार दिवस काम बंद ठेव. पण आता हात लागलाय तो सोडवत नाही. आतून घासायचं बाकी आहे, म्हणजे आठवडाभर भुसाच भुसा.

नाव कळव बाई एकदा. रागावलो नाही, पण रागवायच्या बेतात आहे.

तुझा,
बारक्या


दि. ५ जुलै

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

काम थांबव अशी तार केली, ती मिळाली असेल. कारण तारेत मावणारं नव्हतं.

लाकूड शिसवाच्या घराण्यातलं आहे, उष्ण देशांतलं. व्यापारी त्याला कोकोबोलो म्हणतात. भिंगातून अगदी शंभर टक्के सांगता येत नाही, पण छिद्रांची मांडणी, वजन, वास, सगळं त्याच्याशी जुळतं. आवाजाला उत्तम. पण त्याचा भुसा काही माणसांना बाधतो, कुणाच्या कातडीला, कुणाच्या छातीला. एकदा बाधायला लागला की मग थोडाही पुरतो. आणि आपल्या घरात नाव कळावं म्हणून तोच हुंगत बसायची रीत.

आता पुढचं. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मला ह्याच लाकडाचा तुकडा पाठवला होता. सोबत दोन ओळी होत्या: "हे रंधलं की दम लागतो. काय आहे ते बघ, सवडीने." मी ते पाकीट खणात टाकलं. ती सवड मला बाबा गेले तरी मिळाली नाही.

तुझा तुकडा आला त्याच दिवशी मी खण उघडला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तासाभरात कळलं. तरी महिनाभर तुला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर पाकिटाचंही सांगावं लागलं असतं. पहिल्यांदा आळस केला, दुसऱ्यांदा लाज वाटली. तेवढ्यात तू पाठ तासलीस. बाबा ह्यानेच गेले का, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण त्यांनी मला विचारलं होतं आणि मी गप्प बसले.

क्षमा मागायचं तोंड नाही. आजच्या आज डॉक्टरकडे जा, एवढंच मागते.

तुझी,
ताई


दि. २ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार.

उशीर केला. पहिले पंधरा दिवस तुझं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. हिने तुझं पत्र माझ्यापासून लपवून ठेवलं, फाडीन म्हणून. फाडलंही असतं.

मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना कळलं होतं. तिने हात जोडून सांगितलं होतं, हे लाकूड सोडा. ते म्हणायचे, एवढी एक गिटार होऊ दे. तशा तीन झाल्या. तूही त्यांच्यासारखाच ऐकणार नाहीस म्हणून तुला बोलले नाही, म्हणाली. सांगता सांगता आई रडली. दोन वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. आणि मी? मी तर त्याच कारखान्यात होतो, ताई. रोज त्यांचा खोकला ऐकायचो आणि उजेडाची थट्टा करायचो. तुझ्याकडे पाकीट होतं, माझ्यासमोर तर माणूस होता.

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या लाकडाची कर, पण तूच कर. अर्धी झालेली बाजूला ठेवलीय. तिला हात लावायचा नाही हे ठरलंय, तरी दिवसातून एकदा बघितल्याशिवाय राहवत नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं. म्हणाले, आणखी दोन महिने असाच भुसा ओढला असता तर कायमचं दुखणं लागलं असतं. कुणी थांबवलं, असं विचारलं. बहिणीने, म्हणालो.

तुझ्यामुळे बाबा गेले असं मला कितीतरी दिवस वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तुझ्यामुळे मी वाचलो, हे डॉक्टर सांगतात. ह्या दोन्ही गोष्टी एकाच बहिणीबद्दल मनात कशा ठेवायच्या ते मला जमत नाहीये. आई म्हणते, समोर बसलं की जमतं. तू ये.

वाट बघणारा,
बारक्या