आधी वाईट बातमी

प्रिय बुटके,

माझ्यापेक्षा उंच झालीस त्याला कितीतरी वर्षं लोटली, पण नाव काही बदलत नाही. आईचा फोन आला होता. तू तीन दिवस धड जेवली नाहीस आणि सोमवारी राजीनामा देणार आहेस म्हणे. हे मला तुझ्याकडून कळलं नाही, याचं वाईट वाटलं. राग मात्र आला नाही.

टेपवाल्यांचा अहवाल तुला झोंबला असणार. तुमच्या सल्लागारांना हे नाव तूच दिलंस ना? बिचारे खरंच टेप घेऊनच जन्माला आल्यासारखे वागतात. माझ्या टेबलावरचा पसारासुद्धा मापून गेले. तुमच्या कंपनीने शाळांच्या इमारती बांधायच्या कामाची माझ्या कंपनीशी तुलना करायचं ठरवलं, तेव्हाच मी ओळखलं होतं, हे तुला लागणार. आपल्या घरात ही तुलना काही नवी नाही. तुझं अक्षर, तुझे केस, तुझी सायकल, कशावरूनही सुरुवात झाली तरी बाबांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "ताईकडे बघ जरा." तू बघायचीस आणि मान खाली घालायचीस. आता बेंचमार्किंग असं भारदस्त नाव घेऊन तेच वाक्य तुझ्या ऑफिसात येऊन बसलं.

आता कामाचं ऐक. आमच्या इमारती वेळेवर आणि तुमच्या उशिरा, असं अहवालातल्या तक्त्यात दिसतंय, ते अर्धंच खरं आहे. आमच्याकडे दिवस मोजायला सुरुवात होते ती सगळे परवाने हातात पडल्यावर. तुमच्याकडे शाळेने होकार दिला की त्याच दिवसापासून. परवान्यांसाठी खेटे घालण्यात जाणारा वेळ तुमच्या नावावर चढतो, आमच्या नाही. हे मी टेपवाल्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तक्ता दुरुस्त करतो. तरी थोडा उशीर तुमचा उरतोच, हेही सांगते, उगाच गोड बोलणार नाही. सामानाची मागणी तुम्ही फार उशिरा नोंदवता. आम्ही नकाशा पक्का व्हायच्या आधीच खिडक्या-दारांचं बोलून ठेवतो. ते आमच्याकडून बेलाशक उचल.

पण अहवालाचं शेवटचं पान तू वाचलंच नसशील. तुझा स्वभाव ठाऊक आहे मला. पहिल्याच पानावर डोळे भरले असतील आणि अहवाल मिटला असेल. शेवटच्या पानावर माणसांचं आहे. आमच्याकडची माणसं सोडून जातात. गेल्या महिन्यात आमची नकाशे काढणारी गेली, माझा उजवा हात होती ती. जाताना एवढंच म्हणाली, "इथे उशीर होतोय हे सांगायची सोय नाही." खरंच आहे ते. माझ्या बैठकीत सगळे मान डोलवतात, सगळं वेळेवर आहे म्हणतात, आणि मग एक दिवस छत गळतं. तुझ्याकडून मात्र कुणीच जात नाही. तुझ्या बैठकीत जो अडचण घेऊन येतो त्याला पहिला चहा मिळतो, हे टेपवाल्यांनी मोठ्या कौतुकाने लिहिलंय.

वाचताना मला एकदम आपलं दार आठवलं. शाळेतून आलीस की चपलासुद्धा न काढता तू उंबऱ्यातूनच ओरडायचीस, "आई, आधी वाईट बातमी!" फुटलेली बाटली, हरवलेली छत्री, गणितातला भोपळा, सगळं तिथेच सांगून मोकळी व्हायचीस आणि मग पोटभर जेवायचीस. आम्ही तुला हसायचो. त्यातूनच तू माणसं सांभाळायला शिकलीस, आणि घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून हे पत्र. माझ्या साहेबांनी विचारलं, माणसं टिकवण्यात आपल्यापेक्षा सरस कोण आहे, कुणाकडे जाऊन शिकायचं? मी तुझं नाव सांगितलं. सोमवारी मी तुमच्या ऑफिसात येतेय, तुझी बैठक बघायला. मागे कुठेतरी खुर्ची दे, मी तोंड उघडणार नाही. राजीनामा दिलास तर मी कुणाकडून शिकू? आणि हो, येताना बाबांनाही सांगून येणार आहे, की आज मी बुटकीकडे बघायला चाललेय.

माझीही कामातली एक वाईट बातमी आहे. ती मी दारातूनच सांगेन. पहिला चहा माझ्यासाठी ठेव.

तुझीच,
तुझ्याकडे बघणारी ताई