निळीचा पट्टा

दिपाली,

हे पत्र मी धाडणार न्हाई. वारंगा फाट्याला तुझ्या घरी आलेली चिठ्ठी आधी तुझा नवराच वाचंल.

काल जनावरांचे डॉक्टर आमच्या मेंढरांच्या कानाला पिवळे बिल्ले मारून गेले. आता कोणती मेंढी कोणाची, ते मोबाईलवर दिसतं. मला आपलं हट्ट्याचं माळरान आठवलं. आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरू, तुमच्या मेंढरांच्या पाठीवर नीळ. मी गुपचूप आमच्या एका मेंढीला नीळ फासायची. कळप येगळे करताना ती तुमच्या कळपात जायची आन् दिवस मावळताना तिला हुडकायला मी तुझ्याकडं. बांधाआड हातात हात घेऊन बसायचो. कुणी आलं की हात सोडून दोघी मेंढी धरायचो.

काल त्याच मेंढीच्या लेकीला बिल्ला मारायला घेतलं, तर माझी माय आडवी झाली. "हिला ऱ्हाऊ द्या, सायेब. हिच्या मायलाबी चुकायची सवय होती."

डॉक्टर गेल्यावर माय माझ्याकडं न बघताच बोलली, "सिंधे, मेंढी आपल्या हातानं नीळ लावून घेती व्हय? परवा तुला बघायला येणाऱ्या पाव्हण्यांना मी नको म्हणून कळवते."

तुझीच,
चुकणाऱ्या मेंढीची मालकीण