सुमतीच्या सायकलची घंटी

मंगळवार, २४ मार्च. सायंकाळ.

वर्षश्राद्ध झाले, आता आईची सायकल कुणाला तरी देऊन टाका, असे मुलाने सकाळी सुचवले. मी सुमतीच्याच सायकलवर बसलो आणि राजुऱ्याबाहेरच्या जंगलरस्त्याला लागलो. साठी उलटलेल्या पुरुषाने टोपलीवाली लेडीज सायकल चालवावी? होय, चालवावी.

वळणावर बायका मोहफुले वेचतात. वाकलेल्या असताना मागून चाहूल लागली की त्यांना वाघच आठवतो. म्हणून सुमती तिथे सतत घंटी वाजवत असे. ‘किती हा गोंगाट,’ असे मी मागून म्हणत असे. आज मी घंटी वाजवली नाही. वेचणारी अनुसया दचकून उठली आणि तिची टोपली उलटली.

‘भाऊ, बाई तं लांबूनच घंटी वाजवत येत. तुमाले हात नाई का?’

मी खाली बसून फुले गोळा करू लागलो. तेव्हा ती हसली. ‘बाईची सायकल चालवून राह्यले, तं बाईसारखी चालवा ना.’

परतताना घंटी वाजवली. वळणावर, पुढे मोकळ्या रस्त्यावर, फाटकातून आत येतानाही. मुलगा बाहेर आला. सायकल कोणालाही मिळणार नाही, असे त्याला स्पष्ट सांगितले.

‘ठीक आहे. पण बाबा, किती हा गोंगाट.’

मी पुन्हा वाजवली.