डब्याला हात न लावता

सेमारांग,
४ ऑगस्ट १९९१

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नात उली तीन आठवड्यांची झाली. आवाज असा खणखणीत की सगळी गल्ली तिला ओळखते. फक्त पोट भरत नाही तिचं. पाजून खाली ठेवली की पुन्हा सूर लावते. माझं दूध वाढावं म्हणून सासूबाई सकाळ-संध्याकाळ काटुकचा पाला शिजवतात आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर पहारा देतात. तू पाठवलेल्या पानओव्याच्या फांद्या तुझ्या जावयाने, सुगेंगने, कुंडीत लावल्या, त्या पानांचं कोंबडी घालून सूपही रोज चालू आहे. गुण आला तो मलाच. मी तीन किलो वाढले, उली जन्मली तेवढीच आहे.

सुईणबाई म्हणाल्या, अंगावर पाजत राहा, पण जोडीला पावडरचं दूध सुरू करा, उशीर नको. सुगेंग लगेच डबा घेऊन आला. मी तो कपाटावर ठेवून दिला. तू आम्हा चौघांना डब्याला हात न लावता वाढवलंस, हे जन्मभर ऐकत आलेय. मग मलाच का जमू नये? सुपात अजून काय घालू, ते लगेच कळव.

बाबांना नमस्कार. मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी,
लामरिया


बालिगे,
९ ऑगस्ट १९९१

चि. सौ. लामरियास अनेक आशीर्वाद.

पुढे वाचायच्या आधी तो डबा खाली काढ आणि उलीला पाज. पत्र कुठे पळून जात नाही.

पाजलंस? आता ऐक. चर्चमधल्या बायकांपासून तुझ्या सासूपर्यंत सगळ्यांना मी चौघांची गोष्ट सांगितली, ती खरी तिघांची आहे. तुझ्या वेळी मला दूध पुरलंच नाही. पानओवा मी म्हशीसारखा चरले, तरी नाही. तू रडून रडून काळीनिळी व्हायचीस आणि मी दार लावून बसायचे, कुणाला कळू नये म्हणून. शेवटी शेजारच्या तोगारच्या आईने दार ढकललं. तिचा तोगार तेव्हा चार महिन्यांचा. एक शब्द न विचारता तिने तुला उचललं आणि पदराखाली घेतलं. पुढे पाच महिने, दिवसातून तीनदा. माझं होतं तेवढं मीही देत राहिले.

कुणाला सांगू नकोस म्हणाले होते, तिने सव्वीस वर्षं सांगितलं नाही. बालिगेत एवढं गुपित दुसऱ्या कुणी ठेवलेलं नाही. तोंड सुटलं ते माझंच. माझ्या बढाईपायी माझी नात उपाशी राहिली, याची फार लाज वाटते गं.

वजनाचा आकडा कळव, बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.
आई


सेमारांग,
२ सप्टेंबर १९९१

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आकडा आधी: सातशे ग्रॅमने वाढली! तुझं पत्र हातात असतानाच डबा उघडला. उली वाटीभर दूध प्यायली आणि गाढ झोपली, मी मात्र रडत बसले. आता दिवसातून दोनदा डब्याचं, बाकी माझं. सुईणबाई खूश आहेत.

पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पोट धरून हसल्या. चौघांना पाजणाऱ्या विहीणबाईंपुढे आपली सून कमी पडायला नको, म्हणून त्या बिचाऱ्या पाला शिजवत होत्या.

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते, खोटं कशाला सांगू? मग तोगारच्या आई आठवल्या. तू चौघांची गोष्ट रंगवून सांगायचीस, तेव्हा त्या शेजारीच बसून मान डोलवायच्या. दर वेळी.

नाताळला येतोय. उलीला आधी त्यांच्या मांडीवर देणार आहे. या वेळी तू शेजारी बस आणि मान डोलव.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुमची दोघींची,
लामरिया