माझ्या पायाचं गाऱ्हाणं

मनाली, ८ जानेवारी २०२५

ति. आईस श्रुतिकाचा शि. सा. न.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितेय. सुखरूप पोचले. मांडीतली सळी थंडीत ठणकते, बाकी पाय झकास. स्कीतली मैत्रीण निधीच्या घरी राहतेय, तिची आई तुझ्यासारखीच कोंबून खायला घालते. सोप्या उतारांवर स्की केलं, एकदाही पडले नाही.

पण आई, विशालदादाने काल सांगून टाकलं. मागच्या वर्षी मी ऑपरेशन थिएटरमध्ये असताना तू गावच्या गुरवाला फोन लावून रवळनाथाला गाऱ्हाणं घातलंस, की पोरगी चालायला लागली तर परत बर्फावर पाय ठेवणार नाही. यार आई! पाय माझे ना? मला न विचारता कसं बोललीस?

आज वरच्या डोंगरावर निघालो होतो. तिथे लिफ्टबिफ्ट काही नाही. स्की पायात घालूनच चढायचं आणि कोणी न तुडवलेल्या बर्फातून उतरायचं. गेल्या वर्षी पडले ती अशीच जागा. अर्ध्या चढावर पाय लटपटायला लागला. मी देवाधर्माचं मानत नाही, तुला माहितेय. तरी डोक्यात एकच, पडले तर तुझा शब्द मोडला म्हणून पडेन. तशीच मागे फिरले. एवढी मोठी घोडी, पण रडले गं. हे मला परत जमलंच नाही तर मी काय करू, सांग ना.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
श्रुती

भांडुप, २३ जानेवारी

चि. श्रुतीस आईचे पोटभर आशीर्वाद.

विशालच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला बघतेच मी. हो, घातलं गाऱ्हाणं. डॉक्टर बाहेर येईनात, बाबा भिंतीकडे तोंड करून उभे, माझी वाट लागली होती. तेव्हा कोणी माझा जीव मागितला असता तरी दिला असता, बर्फाचं काय घेऊन बसलीस!

मग तू घरी आलीस. ओट्याला धरून पाय उचलायचीस, घामाघूम व्हायचीस. कशासाठी चाललंय ते मला कळत होतं. म्हणून तर तुला जाऊ दिलं. देवाला तेवढं सांगायचं राहून गेलं बघ.

तुझं पत्र वाचलं आणि बाबांना घेऊन गाव गाठलं. कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर सुटका, डावी पडली तर नाही. कितीतरी वेळ एकही हलेना. शेवटी मी देवाला सरळ सुनावलं की बोललंय मी, पाय तिचे, तिका कित्याक अडवतंस? शिक्षा द्यायची तर माझ्या जिभेला दे, वर्षभर मासे बंद. झटकन उजवी पडली! बाबा म्हणतात, देवाला तुझा बांगड्याचा सोस बरोबर ठाऊक आहे. आणि माझ्यासमोर बसून तळलेला बांगडा खातात, काही लाज नाही.

तेव्हा देवाचं जे काही देणं आहे ते आता माझ्याकडे, तुझ्याकडे काही नाही. भीती वाटलीच तर डोंगराची वाटू दे, माझ्या शब्दाची नको. निधीचं ऐक आणि जपून जा.

इकडची माया कमी व्हायची नाही, काळजी करू नकोस.
आई

मनाली, ५ फेब्रुवारी

ति. आईस शि. सा. न., बाबांनाही नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग बराच वेळ उशीत तोंड खुपसून बसले. तू आणि मासे बंद! तुझ्यासारखी तूच गं.

निधीने ताजा बर्फ नीट बसेपर्यंत थांबवून ठेवलं. काल गेलो. त्याच चढावर पाय पुन्हा लटपटला. थांबले, पाणी प्यायले. भीती होती, पण ती डोंगराचीच होती, आणि तिच्याशी माझी जुनी ओळख आहे. वर पोचलो तेव्हा आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं.

उतरताना एका वळणावर तोल गेला आणि धपकन पडले. खोटं कशाला सांगू, चांगली कंबरेपर्यंत रुतले. निधी किंचाळली. मी डोळे मिटून कळ यायची वाट बघत पडून राहिले. कळ आलीच नाही. मग बर्फ उकरून उठले, स्की परत पायात घातली आणि ओरडत, वेड्यासारखी हसत, थेट तळापर्यंत आले.

पाठोपाठ निधी उतरली. मोडलेला पाय ठीक आहे ना, विचारलं. मी हो म्हटलं आणि खाली बघितलं. आई, कोणता मोडला होता ते मला क्षणभर आठवेचना.

अशीच भांडत राहा, जीव लावत राहा.
तुझी श्रुती