मोडीतला कागद

अंबरनाथ, २ मे १९५७

प्रिय विठा,

आठवतं का, माझ्या मागच्या ओट्यावर बसून तू कोळशानं पहिल्यांदा 'वि' काढलास? लाकडाची मोळी अंगणात तशीच पडली होती. वेलांटी पलीकडे गेली आणि 'वी' झाला. मी पुसायला गेले तर म्हणालीस, “ऱ्हाऊ द्या बाय, जरा लांब झालं तं काय, माजंच नाव हाय.” ओटा धुताना बनूबाई दोन दिवस कुरकुरत होती.

हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, वेळ लागला तरी चालेल. तुला वाचता येतं हे मला पक्कं ठाऊक आहे. गेल्या वर्षी कोळशाच्या गोणीत तुझी चिठ्ठी निघाली, “बाय बऱ्या हाव ना”. ती मी जपून ठेवली आहे.

इकडे आमच्या घरच्या साहेबांना जाऊन चैत्रात वर्ष झालं. बनूबाईला आता ऐकू येत नाही, तरी सगळ्यांना उत्तरं देते. उल्हासनगरच्या कॅम्पात पक्क्या भिंती चढू लागल्या आहेत. तेव्हा बराकीत माणसं दाटीनं राहायची, दारोदार शेगडी आणि कोळसा कधी पुरायचा नाही. त्या कोळशासाठीच कंत्राटदार तुमच्या डोंगरात शिरला. फाळणीत घरदार सोडून आलेल्या त्या लोकांना काय ठाऊक, कोळसा कुठून येतो! मला तरी कुठे ठाऊक होतं? माझा चहासुद्धा त्याच कोळशावर उकळत होता.

भट्टीवर जायच्या आदल्या दिवशी तू नवऱ्याला, बाळाजीला घेऊन आलीस. मागे कंत्राटदाराचा दिवाणजी. बाळाजी अंगठा द्यायला निघाला होता, तूच त्याला अडवलंस. कागद माझ्यापुढे धरून म्हणालीस, “बाय, यी अक्षरां तुमी शिकिवली नाय. काय सांगतां?” दिवाणजी हसला. “बाईसाहेब कॉन्व्हेंटात शिकलेल्या. त्यांना काय अवघड?”

विठा, कागद मोडीत होता आणि मला मोडी येत नव्हती. सिस्टरांनी मला इंग्रजी कविता आणि लेस विणणं शिकवलं होतं. एका रेघेला लटकलेल्या त्या अक्षरांतलं एकही मला लागेना. पण दिवाणजीसमोर तसं म्हणायची लाज वाटली. मी नजर फिरवली आणि म्हणाले, “मजुरीचा करार आहे. दे अंगठा.” तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान डोलावलीस.

साहेब गेल्यावर त्यांच्या कागदांत त्या कराराची दुसरी प्रत निघाली. दिवाणजीनं ती त्या दिवशी आमच्याकडेच ठेवली होती. विष्णुपंत पूर्वी मामलेदार कचेरीत होते. साहेबांच्या मागे त्यांचे कागद लावून द्यायला ते येत असत. त्यांनी तिच्या चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. पुढचं सांगेनात. मग मीच त्यांच्याकडे मोडी शिकले, चार महिने, बाराखडीपासून. माझी वेलांटीही पलीकडे जायची.

कागद असं सांगतो: तोडायच्या परवानगीचा जंगल खात्याचा शिक्का नसलेली चाळीस झाडं, साग आणि ऐन, बाळाजीनं आणि वाडीनं मार्गशीर्षात चोरून तोडली. बोभाटा होऊ नये म्हणून मालक सांगेल तितकी वर्षं सगळे भट्टीवर राबतील. म्हणून तर कंत्राटदार दर वेळी म्हणतो ना, पळालात तर कागद पोलिसांत देईन? झाडं त्यानं आधीच आडवी केली होती. त्याला फक्त चोर हवे होते. आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे, इंग्रजीत, वळणदार. तुमची सात वर्षं त्या सहीनं बांधली.

पण सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय माझी अजून सुटलेली नाही. त्या मार्गशीर्षात तुम्ही सगळे महिनाभर माझ्या आवाराचं कुंपण घालत होतात. रोज कोण आलं, कुणाला काटा लागला, तुझी तान्ही गोदू कुठल्या झाडाखाली झोपली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे. जंगल खात्याच्या नव्या साहेबांना मी ती दाखवली. ते स्वतः डोंगरात जाऊन आले. चाळीस खुंटांपैकी एकावरही शिक्का नाही; चोरी खरी, पण तेव्हा तुम्ही माझ्या कुंपणावर होतात. कागद न वाचता मी सही केली, हे मी त्यांना लिहून दिलं आहे. दिवाणजी हसेल, हसू दे.

सोमवारी हे जंगल खात्याचे साहेब वाडीवर तुमची जबानी घ्यायला येतील, त्यांच्याबरोबर मीही येईन. तुझ्यासमोर उभी राहण्याआधी तुला हे माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. माफ करायचं की नाही, ते तू ठरव. विष्णुपंतांबरोबर पुडकं पाठवते आहे. त्यातला मोडी कागद आणि त्याला जोडलेली माझी बाळबोधीतली नक्कल, तुला येतात त्या अक्षरांतली, बाळाजीला दे. तो त्याचा आहे. लाकडी चौकटीची पाटी गोदूला. रोजनिशी त्या जंगलच्या साहेबांकडेच राहू दे. माझं शाळेतलं शाईचं पेन तुझं. साहेब जबानी बाळबोधीतच लिहितील. ती तू मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. एक शब्द जरी अडला तरी वाडीतल्या कुणी अंगठा द्यायचा नाही. आणि तू तर अंगठा देऊच नकोस, सही कर. वेलांटी लांब झाली तरी चालेल.

तुझीच, आता मोडी वाचणारी,
मालिनीबाई