चौदा तासांचा हॉल्ट

अब्बा, आज दिवसभर मी गोल्फचं काम करतेय. हसू नका. माणगावात हायवेला लागून माझं ऑफिस आहे, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर निळ्या समुद्राचं पोस्टर. दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या, दारात समुद्र असलेल्या माणसांना मी दुसऱ्यांचे समुद्र विकते, आणि लोक घेतातही, काय सांगू! इतकी वर्षं मक्केला उमराहची तिकिटं काढली, नव्या जोडप्यांना केरळला धाडलं. आता पनवेलचे आठ डॉक्टर आलेत. त्यांना मॉरिशसला पाच दिवस गोल्फ खेळायचाय, आणि सगळं जुळवायला सोबत कुणीतरी पाहिजे म्हणून मीही जातेय. त्यांच्यातले मोठे डॉक्टर रोज फोन करतात. "मॅडम, सकाळची पहिली वेळ आपल्यालाच पाहिजे हां, ऊन चढायच्या आत. आणि ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं गवत, कसं आहे ते नीट विचारा." मी म्हटलं, "सर, सहाला नको, सातला घ्या. गवतावर दव असलं की चेंडू अडतो. कापून, दव झाडून झालं की मग पळतो." ते म्हणाले, "अरे वा, तुम्ही खेळता?" मी म्हटलं, "नाही. माझे वडील गवत कापायचे."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच नवल वाटलं. शाळेत मी कधी असं सांगितलं नाही. आखातातल्या मोठ्या शहरात माझे अब्बा सुपरवायझर आहेत, एवढंच सांगायचे. तुम्ही सुट्टीवर आलात की अंगाला अत्तराचा वास असायचा, घड्याळ चमकायचं, आणि मोहल्ल्यातली माणसं "काय काम करता?" विचारायची तेव्हा तुम्ही सरळ सांगायचात, "गवत कापतो. साहेब लोक खेळतात त्यावर." मी आत जाऊन उशीत तोंड खुपसायचे. एकदा तुम्ही मला ओरडलात ते यावरूनच. बाहेर मैत्रिणी उभ्या होत्या आणि मी दाराआडून तुम्हाला खुणा करत होते, बोलू नका म्हणून. तुम्ही हाताला धरून मला अंगणात आणलंत. "वाळूत गवत उगवून दाखवतो मी. तुझ्या सुपरवायझरला बोलाव, त्याला येतं का बघू." मैत्रिणी हसल्या. मला वाटलं मला हसल्या. त्या तुमच्या बोलण्याला हसल्या होत्या, हे समजायला माझी चाळिशी उलटावी लागली.

डॉक्टरांना मी एक खोटं सांगितलंय. मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे. मी म्हटलं, सर, त्यात गोल्फच्या पिशव्यांची कटकट होते, आपण आखातावरून जाऊ, चौदा तासांचा हॉल्ट आहे, तुम्हाला शहर फिरवते. ते खूश झाले. खरं म्हणजे मला तुमच्या कबरीपाशी जायचंय. तुमचा नंबर माझ्याकडे आहे, तिकडे दगडावर नाव नसतं, नुसता आकडा असतो, तुमच्याबरोबर राहणाऱ्या माणसानं तो तेव्हाच एका चिठ्ठीवर लिहून पाठवला होता. आणि मला अम्मीला न्यायचंय. आपल्यात बायका कब्रस्तानात आत जात नाहीत, पण कुंपणाबाहेर उभं राहून फातिहा पढायला कुणाची मनाई आहे? तिचे गुडघे गेलेत अब्बा. आता नाही नेली तर मग नाहीच.

पण अम्मी येत नाही म्हणाली. मी रविवारी दिवेआगरला घरी गेले तेव्हा ती मागच्या पडवीत बसून मांदेली साफ करत होती. मी विषय काढला तर सुरीही थांबली नाही. "त्यांना यायचं नव्हतं. मी कशाला जाऊ?" मी म्हटलं, "अम्मी, असं काय बोलतेस?" "खोटं बोलते काय? शेवटी शेवटी एकदा तरी म्हणाले का, की आता येतो म्हणून? गवताची चौकशी, कोंबड्यांची चौकशी. मी वाट बघत व्हते. तोंडातून शब्द न्हाय." मग मांदेलीच्या टोपल्यात पाणी ओतत म्हणाली, "जाऊ दे. मेलेल्या माणसावर रुसू नये. पण जायचं न्हाय मला." तिचा हा राग मला पाठ आहे. तीस वर्षं ती तो असाच बाळगून आहे, आणि तिला न्यायचं तर मला तो खोटा ठरवावा लागेल.

तुम्हाला आठवतंय ना, आपली एकच कॅसेट होती. मोहल्ल्यात सगळ्यांचीच तशी रीत. तिकडून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या हाती तुमची कॅसेट यायची, आम्ही असरच्या नमाजनंतर चटईवर बसून ऐकायचो, दोनदा, तीनदा, आणि तो माणूस परत निघाला की त्याच कॅसेटवर, तुमच्याच आवाजावर, आमचं बोलणं भरून पाठवायचो. तुम्हीही तेच करायचात. कोरी कॅसेट घ्यावी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, पत्र कुणी फाडत नाही पण आवाज मात्र आम्ही सगळ्यांनी पुसून टाकले. त्या कॅसेटमध्ये तुम्ही काय काय सांगायचात! पहाटे उठून हिरवळीवरचं भोक रोज नव्या जागी पाडायचं, जुनं भोक गवतानं असं बुजवायचं की साहेबाला पत्ता लागू नये. गवताला गोडं पाणी मिळतं आणि आपल्या विहिरीला खारट, याचा तुम्हाला भारी राग. एकदा कॅसेटसोबत सहा पांढरे चेंडू आले, झाडीत सापडलेले. अम्मीनं त्यातला एक कोंबडीच्या खुराड्यात ठेवला, अंडं समजून कोंबडी तिथेच बसायला लागली, आणि आम्ही तुम्हाला ती बातमी हसत हसत भरून पाठवली. पुढच्या वेळी तुम्ही कॅसेटवर आधी नुसते हसत होतात, बराच वेळ, मग सलाम केलात.

शेवटची कॅसेट घेऊन आलेला माणूस घरच्या मयतीला आला होता आणि तिसऱ्या दिवशी परत जाणार होता. अम्मी तेव्हा श्रीवर्धनला माहेरी, मामाच्या घरी लग्न होतं. मी दहावीला, अभ्यासासाठी मागे राहिलेली, शेजारच्या खाला सोबतीला झोपायला यायच्या. तो दारात येऊन म्हणाला, "उद्या दुपारी निघतो, काय भरायचं ते भरून ठेव." मी एकटीच ऐकत बसते. तुमचा आवाज आधी खाकरतो. गवताचं काही नाही, कोंबडीचं काही नाही. "गुडघे गेले माझे. उन्हात चक्कर येते. अम्मीला विचार, मी आता परत येऊ का? ती हो म्हणाली तर रमजानच्या आधी येतो. वाडी बघू, दोन माड, चार सुपाऱ्या, काहीतरी होईल. तिला विचार आणि कळव." एवढंच. मग कॅसेट नुसती फिरत राहिली.

आपल्या घराचा स्लॅब तेव्हा अर्धवट होता. खांब उभे, सळ्या वर आलेल्या, आणि त्यावर पत्रे. समोरच्यांच्या घराला वरची खोली होती, खिडकीतून समुद्र दिसायचा. मला ती खोली पाहिजे होती. बस. दुसरं काही कारण नाही अब्बा, मी तीस वर्षं शोधतेय, दुसरं सापडत नाही. अम्मीला विचारायला श्रीवर्धनला जाणारी एसटी होती, सकाळी गेले असते तर दुपारपर्यंत परत आले असते. मी गेले नाही. कॅसेट मागे फिरवली, लाल बटण दाबलं आणि बोलले. दुसऱ्या दिवशी तो माणूस ती घेऊन गेला. अम्मी आली, म्हणाली, "अगं, मी यायच्या आत परत पाठवली पण? काय बोलले?" मी म्हटलं, "नेहमीचंच. सलाम सांगितलाय." रमजान लागायच्या आधी बातमी आली. उन्हात, मशीनच्या बाजूला पडलात. स्लॅब नंतर झाला, तुमच्याच पैशांतून. परवाच्या चक्रीवादळात वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, शेजाऱ्यांचे पत्रे पार खाडीपर्यंत गेले, पण आपल्या घराला काही झालं नाही, आणि अम्मी त्या छताखाली बसून तुम्हाला दुआ देत होती. मी तिथेच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल परत गेले आणि तिला सांगितलं. पडवीतच. म्हटलं, "अम्मी, अब्बांनी विचारलं होतं. शेवटच्या कॅसेटमध्ये. परत येऊ का म्हणून, तुला विचारायला सांगितलं होतं." ती पदर तोंडाला लावून रडली, आणि रडताना हसत होती, खरं सांगते, लग्नातल्या मुलीसारखा चेहरा झाला तिचा. "विचारलं व्हतं? मला विचारलं व्हतं?" चारदा विचारलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मग आले का न्हाय गं?"

आणि मी म्हटलं, "कंपनीनं सोडलं नाही."

पटकन निघालं तोंडातून, पंधरा वर्षांची असताना निघालं होतं तितकंच पटकन. अम्मीनं त्या कंपनीला जे शिव्याशाप दिले ते तुम्ही ऐकायला पाहिजे होते. संध्याकाळी तिनं कपाटातून हजच्या वेळचा पासपोर्ट काढला, मुदत संपलीय का बघ म्हणाली. संपली होती, नव्याचा फॉर्म मी आज भरला. मॉरिशसलाही येणार म्हणते. "ज्या गवतापायी गेले ते गवत तरी बघू दे मला." डॉक्टरांनाही कळवलं, ते म्हणाले, "आईला घेऊन चला की, काय झालं!"

तर अब्बा, ती येतेय. कुंपणाशी उभी राहून ती तुम्हाला आधी कंपनीबद्दल सांगेल, मग म्हणेल, मला माहीत असतं तर लगेच बोलावलं असतं. तुम्हाला वाटेल, ही असं काय बोलते, हिनंच तर नको म्हणून कळवलं होतं. कारण त्या दिवशी मी लाल बटण दाबून म्हटलं होतं, "अम्मी म्हणते, स्लॅब टाकेपर्यंत राहा." माझं नाव घ्यायला मी घाबरले, म्हणून तिचं घेतलं. तुम्ही ते ऐकून उन्हात उभे राहिलात. तिनं नाही म्हटलं नव्हतं अब्बा. तिला कुणी विचारलंच नव्हतं.